वारुळावरची अळंबी आणि ओळखीचा इतिहास

श्रावण शुद्ध पंचमीच्या दिवशी जमीन खणावयाची नाही, नांगर धरावयाचा नाही, विळीवर काही चिरावयाचे नाही, असा दंडक आपल्या घराघरांतून पाळला जात असे. बायका त्या दिवशी गावाबाहेरच्या वारुळाला जात, हळदकुंकू वाहत, दूध-लाह्या ठेवीत, फेर धरून गाणी म्हणत आणि वारुळाची माती कपाळी लावून घरी येत. वारूळ हे नागाचे घर, एवढेच त्यांतल्या बहुतेकींना ठाऊक असे. परंतु कोकणात, गोव्यात आणि विदर्भाच्या रानपट्ट्यात अशाही काही बाया असत आणि आजही आहेत, की ज्यांचे डोळे पूजेच्या वेळीसुद्धा वारुळाच्या पायथ्याशी काहीतरी शोधीत असतात. त्याच पंधरवड्याच्या आगेमागे, चारसहा दिवसांची झड लागून मध्येच ऊन पडले, की त्या मातीतून टोकदार, पांढुरक्या कळ्यांचा घोस वर येतो. रात्री जेथे काही नव्हते तेथे पहाटे शेपन्नास कळ्या उभ्या असतात. ही वारुळावरची अळंबी होय.

आजच्या व्याख्यानाचा विषय ही अळंबी आहे. पण तिच्या चवीचे वर्णन करण्यासाठी मी येथे उभा नाही. माझ्यापुढचा प्रश्न इतिहासाचा आहे. पावसाळ्यात रानात शेकडो प्रकारच्या छत्र्या उगवतात. त्यांतल्या काही अमृतासारख्या लागतात, बहुसंख्य बेचव असतात आणि थोड्या अशा असतात, की त्यांचा एक घास माणसाला चार दिवसांत स्मशानात पोहोचवितो. ही निवड मनुष्याने कशी केली? ती कोणी लक्षात ठेवली? आणि ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या हाती त्यातले किती लागले? राजांच्या लढायांचा इतिहास लिहिला गेला, कारण राजांच्या पदरी बखरकार होते. टोपली घेऊन पहाटे रानात शिरणाऱ्या बाईच्या पदरी कोणी नव्हते. तिचे शास्त्र तोंडी चालत आले. म्हणून तिचा इतिहास आपल्याला आडून, इतरांच्या ग्रंथांतल्या कवडशांवरून लावावा लागतो.

प्रथम नावेच पाहा. ज्या भाषेत एखाद्या वस्तूला एकच नाव असते, त्या भाषेच्या लोकांचा तिच्याशी दुरूनच संबंध असतो असे समजावे. शहरी मराठीत रानातल्या यच्चयावत छत्र्यांना आपण ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून मोकळे होतो. या नावातच तिरस्कार आहे आणि थोडी भीतीही आहे. उलट विदर्भाच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत पावसाळी बाजारात ‘सात्या’ येतात, ‘टेकोडे’ येतात. कोकणात अळंबी, गोव्यात अळमी. आणि वारुळाला कोंकणीत रोयण म्हणतात, म्हणून वारुळावरची ती रोयणीची अळमी. छत्तीसगडात पुटू, बस्तरात बोडा, झारखंडात रुगडा. जेथे नावे वेगळाली तेथे ओळख वेगळाली आणि जेथे ओळख वेगळाली तेथे खाणे निर्धास्त, असा हा क्रम आहे.

आता ग्रंथांकडे वळू. आपल्या वैद्यकाला हा पदार्थ अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाच्या अध्यायात ‘उद्भिद’ शाकांचा एक वर्ग आहे. त्यात गवताच्या काडावर उगवणारे, उसाच्या चिपाडावर उगवणारे, शेणावर उगवणारे, वेळूवर उगवणारे आणि भुईतून उगवणारे असे पाच प्रकार सांगितले असून प्रत्येकाचे गुण निराळे दिले आहेत. भुईतल्या प्रकाराबद्दल तर असे म्हटले आहे, की जशी जमीन तशी त्याची मागाहूनची चव. हे वाक्य चाखल्याखेरीज लिहिता येत नाही. चरकसंहितेत याहून मोलाची एक गोष्ट आहे. छत्रजातीचे गुणदोष सांगताना चरकाने ‘सर्पच्छत्रक’ तेवढे वगळले आहे. ते सोडून बाकीच्या पुष्कळ छत्रजाती शीतल, मधुर, जड आणि पडसे आणणाऱ्या आहेत, असा त्याचा अभिप्राय. म्हणजे विषारी आणि निर्विष असा भेद त्याच्या काळी पक्का झालेला होता. मात्र सर्पच्छत्रक ओळखावयाचे कसे, हे चरक सांगत नाही. नाव सांगितले की काम झाले, असे तो धरून चालतो. कारण जो वनस्पती आणून देणार तो गुराखी किंवा रानवासी ते ओळखीत असणारच, हे त्या ग्रंथामागचे गृहीत आहे.

धर्मशास्त्राने मात्र वेगळी वाट धरली. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गाजरासारखे मानलेले गृंजन आणि कांदा यांच्याच पंक्तीला ‘कवक’ बसविले असून द्विजांना ते अभक्ष्य ठरविले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही कवकांचा निषेध आहे. वानप्रस्थाने रानात राहावे, कंदमुळे खावी, पण भुईतली कवके खाऊ नयेत, असेही मनू बजावतो. या निषेधाचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्या गोष्टीला कोणी हात लावीत नाही तिच्यावर निर्बंध घालण्याचे कारण पडत नाही. लोक खात होते, म्हणून तर खाऊ नका असे सांगावे लागले. पण या निर्बंधाचा एक दूरगामी परिणाम झाला असावा, असे मला वाटते. ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांच्या ताटातून हा पदार्थ गेला. ज्यांच्या ताटात तो राहिला, त्यांच्या हाती लेखणी नव्हती. ज्ञान आणि लेखन यांची अशी फारकत झाली, की पुढची हजार-दीड हजार वर्षे आपल्याकडे या विषयावर सांगण्यासारखा नवा ग्रंथ दिसत नाही, आणि तरीही रानातली टोपली दर पावसाळ्यात भरतच राहिली.

काव्याला मात्र भूछत्राचे वावडे नव्हते. मेघदूताच्या पूर्वार्धात मेघाची गर्जना ही धरणीला ‘उच्छिलीन्ध्र’ करणारी, तिचे वांझपण घालविणारी म्हटली आहे. शिलीन्ध्र म्हणजे कंदलीचे रोप की भूछत्र, याबद्दल एकमत नाही. मल्लिनाथाने कंदलीचा पक्ष घेतला आहे. पण गडगडाटाने भुईतून छत्र्या फुटतात ही समजूत आपल्याकडे खेडोपाडी आजही ऐकू येते, आणि ती केवळ आपलीच नव्हे. ग्रीक लेखक प्लुटार्क यानेही भुईखालच्या ट्रफल नावाच्या कवकाचा जन्म मेघगर्जनेशी का जोडला जातो, याची चर्चा केली आहे. बी दिसत नाही, रोप दिसत नाही, पान नाही, फूल नाही. आणि एका रात्रीत वस्तू उभी! मग आकाशातून काहीतरी आले असले पाहिजे, असे दोन्हीकडच्या माणसाला वाटले यात नवल ते काय? या कोड्याचा उलगडा १७२९ साली झाला. इटलीतील फ्लॉरेन्सच्या मिकेली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने बुरशीवरची सूक्ष्म धूळ गोळा केली, ती खरबुजाच्या ताज्या फोडींवर पेरली, आणि तिच्यातून त्याच जातीची बुरशी उगवते हे दाखवून दिले. त्या धुळीच्या कणांनाच आपण बीजाणू म्हणतो.

सापाचा संबंधही असाच दोन्हीकडे आहे. आपल्याकडे सर्पच्छत्रक, पालीत अहिच्छत्तक. आणि तिकडे रोमचा प्लिनी पहिल्या शतकात लिहितो, की सापाच्या बिळाजवळ किंवा गंजलेल्या लोखंडाजवळ उगवलेली छत्री विषारी होते. म्हणजे विष हे जातीचे नसून शेजाराचे आहे, अशी ही कल्पना. ती चूक होती. आणि चुकीची कल्पना या विषयात किती महाग पडते, हे रोमनांइतके कोणाला ठाऊक असेल? इसवी सन ५४ च्या ऑक्टोबरात सम्राट क्लॉडियस मरण पावला. त्याला एका जातीची अळंबी फार आवडे, आणि राणी अ‍ॅग्रिपिनाने त्याच पक्वान्नातून त्याच्यावर विषप्रयोग केला, असे टॅसिटस आणि स्विटोनियस हे इतिहासकार सांगतात. त्याच्यामागून गादीवर आलेला नीरो अळंबीला थट्टेने देवांचे अन्न म्हणत असे, कारण ती खाऊन त्याचा बाप देवपदाला पोहोचला! राजा मेला म्हणून ही हकीकत राहिली. त्याच शतकात किती गुलाम आणि शेतकरी अशाच जेवणाने मेले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आपल्याकडेही एका महानिर्वाणाशी भूछत्राचे नाव जोडले गेले आहे. पावा येथील चुंद लोहाराच्या घरी भगवान बुद्धांनी शेवटची भिक्षा घेतली, त्यात ‘सूकरमद्दव’ नावाचा पदार्थ होता, आणि त्यानंतर त्यांचे दुखणे विकोपास गेले, असे महापरिनिब्बानसुत्तात आहे. सूकरमद्दव म्हणजे काय? डुकराचे कोवळे मांस, असा एक अर्थ जुन्या टीकेत आहे. पण उदानावरील टीकेत इतर मतेही नोंदविली आहेत. कोणी त्याला डुकरांनी तुडविलेल्या जागचा वेळूचा कोंब म्हणतात, तर कोणी तशाच जागी उगवलेले अहिच्छत्तक म्हणजे भूछत्र. मराठी वाचकाला हा वाद धर्मानंद कोसंबी यांच्या १९४०-४१ सालच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथामुळे माहीत झाला. कोसंब्यांनी मांसाचा अर्थ स्वीकारला आणि त्याबद्दल पुष्कळ टीका सोसली. ते स्वतः गोव्याचे, म्हणजे अळम्यांच्याच मुलखातले. भूछत्राचा अर्थ घेऊन त्यांना वादातून सहज निसटता आले असते. परंतु पुराव्यापुढे सोय न पाहणे हा त्यांचा स्वभाव. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच, की बुद्धांनंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिणाऱ्या टीकाकारालाही भूछत्र हे रोजच्या जेवणातले, पाहुण्याला वाढण्याजोगे अन्न वाटत होते.

जगातल्या लोकांचे या बाबतीत दोन तट पडतात, असे एका अमेरिकन गृहस्थाने मांडले. १९२७ च्या ऑगस्टात गॉर्डन वासन आणि त्यांची रशियन पत्नी व्हॅलेंतिना हे नवविवाहित जोडपे कॅट्सकिल डोंगरात फिरत होते. रानातल्या छत्र्या दिसताच ती आनंदाने धावली आणि पदर भरून घेऊन आली; नवरा भयाने मागे सरला. एकाच घरातली ही दोन माणसे अळंबीपुरती दोन जगांतली निघाली. तेव्हापासून दोघांनी या विषयाचा आयुष्यभर पिच्छा पुरविला आणि १९५७ साली मोठा ग्रंथ काढला. काही समाज कवकांवर प्रेम करणारे असतात, काही त्यांना भिणारे, असा त्यांचा सिद्धांत. पुढे १९६८ साली वासन यांनी वैदिक सोम म्हणजे लाल टोपीची एक भूछत्राची जात होय, असे प्रतिपादन केले. ते सर्वमान्य झाले नाही आणि होण्याजोगेही नाही. तथापि त्याच शोधात त्यांना संथाळांची एक गोष्ट सापडली, ती मला फार मोलाची वाटते. संथाळी भाषेत झाडेझुडपे व्याकरणाने निर्जीव गणली जातात, पण ‘पुटका’ नावाचे भुईतले कवक मात्र सजीव गणले जाते. पाश्चात्य विज्ञानाने कवके ही वनस्पती नव्हेत, त्यांचे राज्यच निराळे आहे, असे सर्वत्र मानण्यास सुरुवात केली ती व्हिटेकरच्या १९६९ सालच्या वर्गीकरणानंतर. कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची आहेत, हे तर त्याहून पुढे कळले. श्रावणात मांसमच्छी वर्ज्य म्हणून अळंबीवर ताव मारणाऱ्यांनी हे फार मनावर घेऊ नये!

वासन यांचा सिद्धांत महाराष्ट्राला लावू गेल्यास अडचण येते. आपण कवकप्रेमी की कवकभीरू? उत्तर असे, की आपण दोन्ही आहोत. तट पडला आहे तो गाव आणि रान यांच्यामध्ये, लेखणी आणि टोपली यांच्यामध्ये. युरोपातही हा तट होता. परंतु तेथे एका विद्वानाने तो ओलांडला. क्लुसियस नावाचा हा वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिएन्नास असताना हंगेरीच्या मुलखात हिंडला, खेडुतांना विचारीत गेला, आणि त्यांनी दिलेली हंगेरियन व जर्मन नावे त्याने टिपून घेतली. १६०१ साली त्याने छापलेला कवकांचा छोटा इतिहास हा युरोपातला या विषयावरचा पहिला स्वतंत्र प्रबंध समजला जातो. त्यात खाण्याजोग्या जाती एकीकडे आणि घातक जाती दुसरीकडे, अशी मांडणी आहे. ही मांडणी त्याची स्वतःची नव्हे, ती खेडुतांची. विद्वानाने कान दिला, हेच त्याचे कर्तृत्व. आणि ते लहान नाही.

आता आपल्या वारुळाकडे परत येऊ. वारुळाच्या आत शेती चालते, हे पाश्चात्य शास्त्राला प्रथम कळले ते आपल्याच देशात. लिनियसचा एक शिष्य, योहान क्योनिग, तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला होता. त्याने तंजावरच्या मुलखातली वारुळे फोडून पाहिली आणि १७७९ साली लिहिले, की त्यांत बुरशीच्या बागा असतात. दोन वर्षांनी हेन्री स्मीथमन याने आफ्रिकेतल्या वाळवीचे वर्णन लंडनला सादर केले. त्यानंतर १९०६ साली सिलोनमधील पेरादेनिया येथे टॉम पेच याने वारुळातली बुरशी आणि वारुळावरची छत्री यांचा संबंध तपशीलाने तपासला. शेवटी १९४२ साली फ्रान्सच्या रोझे एम यांनी या छत्र्यांची स्वतंत्र प्रजाती मानून तिला ‘टर्मिटोमायसीस’, म्हणजे ‘वाळवीचे कवक’, असे नाव दिले. १९७९ साली के. नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या एका जातीला याच शास्त्रज्ञाचे नाव दिले.

ही शेती कशी चालते ते ऐका. वाळवीचे कामकरी सुका पाला, काड्या, कुजके लाकूड आत आणतात. ते त्यांच्या पोटातून भराभर जाते आणि त्याच्या विष्ठेचे, मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र गोळे रचले जातात. त्या गोळ्यांत कवकाचे बीजाणू मिसळलेले असतात. कवक वाढते, लाकडातला कठीण भाग मोडून मऊ करते आणि तयार झालेला तो घास वाळवी खाते. वारुळातला ओलावा आणि ऊब या बागेला मानवतील अशी राखली जाते. हा संसार आफ्रिकेत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला, असे आजचे शास्त्र मानते. मनुष्याच्या शेतीला दहा-बारा हजार वर्षे झाली. मग पाऊस मुरला, की आतल्या पोळ्यावरून कवकाची कळी निघते, मुळासारख्या लांब देठावर माती भेदीत वर येते, आणि टोपीचे टोक कठीण असल्यामुळे घट्ट भुईतूनही डोके काढते. आपण खातो ती ही कळी. पॅरिसच्या माळ्यांनी सतराव्या शतकात बटण अळंबी वाफ्यात आणली. पण वाळवीची ही अळंबी मनुष्याला आजवर शेतमालासारखी पिकविता आलेली नाही. ती पिकविण्याचे गुपित वाळवीने आपल्यापाशीच ठेवले आहे.

आता रानात जाणाऱ्या जाणत्या बाईची परीक्षा पाहा. ती प्रथम वस्तू पाहत नाही, जागा पाहते. ही जागा गेल्या वर्षीची आहे काय? तिच्या आईने दाखविलेली आहे काय? शास्त्र आता सांगते, की पोळे भुईत कायम असते, म्हणून अळंबी वर्षानुवर्षे त्याच जागी फुटते. मग ती देठ मोडीत नाही, माती हलकेच उकरून मुळापर्यंत जाते. देठ खाली निमुळता होत खोल गेला तर ती निवांत होते. बुडाशी अंड्याच्या कवचासारखी पिशवी लागली तर हातची वस्तू टाकून देते. ती टोपीचे टोक पाहते. टोपी उलटून खालचे पडदे पाहते. ते देठाला न चिकटलेले, आधी पांढरे व पुढे किंचित गुलाबी झाकेचे असावे लागतात. शास्त्रज्ञ टोपी कागदावर रात्रभर पालथी ठेवून बीजाणूंचा रंग पाहतो. या अळंबीचा ठसा गुलाबी उमटतो. हिरवट ठसा उमटणारी, पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले असलेली एक मोठी छत्री शहरातल्या हिरवळीवर पावसाळ्यात उगवते. ती खाऊन लोक ओकारी-जुलाबाने हैराण होतात. मात्र यातली एकच खूण धरून कोणी निर्धास्त होऊ नये. गुलाबी ठसा देणाऱ्या विषारी छत्र्याही आहेत, आणि वाळवीचेच एक लहान भावंड मुळाशिवाय, भाताची शिते विखरावी तसे मातीवर पसरते. जाणतीची ओळख एका खुणेवर नसते. सगळ्या खुणा एकत्र जुळाव्या लागतात.

याउलट गावात प्रचलित असलेल्या परीक्षा पाहा. भाजीत चांदीचा रुपया टाकावा, काळा पडला तर विष. लसूण घालावी, रंग बदलला तर विष. किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली. चिंच-मीठ घालून खूप उकळली की विष उतरते. श्रोतेहो, यांतली एकही परीक्षा खरी नाही. सर्वांत घातक छत्रीचे विष चांदीला स्पर्श करीत नाही, उकळून जात नाही, वाळवून उडत नाही, आणि गोगलगाई ती छत्री सुखाने खातात. ते विष शरीराच्या पेशींना नवी प्रथिने बनविण्याची आज्ञाच पोहोचू देत नाही. जेवल्यावर सहा ते चोवीस तास काहीच वाटत नाही. मग ओकारी आणि जुलाब होतात, ते थांबतात, घरच्यांना हायसे वाटते. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत कोसळते. त्या मधल्या उताराला फसून रुग्णाला घरी ठेवणे, ही या दुखण्यातली सर्वांत मोठी चूक होय.

२०२२ च्या एप्रिलात आसामात रानातल्या अळंबी खाऊन तेरा माणसे दगावली. बहुतेक चहामळ्यांतल्या कुटुंबांतली. ही माणसे अडाणी होती म्हणून मेली, असे म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. या मळ्यांतल्या पुष्कळांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर आणि मध्य भारताकडून मजुरीसाठी नेले गेले. अळंबी ओळखण्याची विद्या जागेला बांधलेली असते. एका रानात तयार झालेली नजर दुसऱ्या रानात नेली, की ती फसू शकते. याचा स्वच्छ पुरावा परदेशात आहे. युरोपातली ती जीवघेणी छत्री ओक वृक्षांच्या मुळांबरोबर कॅलिफोर्नियात आणि ऑस्ट्रेलियात पोहोचली. तेथे आग्नेय आशियातून आणि चीनमधून आलेल्या लोकांनी तिची कोवळी, अंड्यासारखी कळी पाहिली आणि ती त्यांना मायदेशातल्या भाताच्या काडावरच्या अळंबीसारखी वाटली. अशी माणसे तेथे मेली. त्यांची ओळख खोटी नव्हती. ती परक्या भूमीत लागू पडत नव्हती. चरकाने सर्पच्छत्रकाचे लक्षण का लिहिले नाही, याचे उत्तर कदाचित येथे आहे. ते लक्षण पुस्तकात मावणारे नव्हतेच.

म्हणून आज जो धोका आहे तो दुहेरी आहे. एकीकडे शहरातला हौशी माणूस हातातल्या यंत्रावर छायाचित्र घेऊन नाव विचारतो आणि आलेल्या उत्तरावर भाजी शिजवू पाहतो. छायाचित्रात मातीखालचा देठ दिसत नाही, पिशवी दिसत नाही, ठसा दिसत नाही. दुसरीकडे रानातली जाणती बाई म्हातारी होत आहे आणि तिच्या मुलीने ती वाट सोडली आहे. आणखी एक गोष्ट अशी, की शहरातल्या बाजारात कोवळ्या, न उमललेल्या कळ्यांना भाव जास्त. कळी उमलली तरच बीजाणू झडतात. नवे वारूळ घालणारी वाळवीची राजाराणी, या कवकाच्या बहुतेक जातींच्या बाबतीत, बरोबर कवक घेऊन जात नाही. त्यांची पहिली लेकरे बाहेर पडून पाल्यापाचोळ्यावर पडलेले बीजाणू घरात आणतात. झाडून साऱ्या कळ्या खुडल्या, तर पुढच्या वारुळाची बाग लागावयाची कशी? जुन्या जाणत्या बाया चार कळ्या मागे ठेवीत. त्यांना बीजाणू दिसत नव्हते, पण पुढचे वर्ष दिसत होते.

आपण शहरवासीयांनी काय करावे? रानात जाऊन स्वतः खुडण्याच्या भरीस पडू नये. विकत घ्यावयाची तर जिने ती स्वतः खुडली, जिला जागा ठाऊक आहे, तिच्याकडून घ्यावी. आणि तिच्यापाशी दोन मिनिटे बसून नाव विचारावे, खुणा विचाराव्या, त्या लिहून ठेवाव्या. क्लुसियसने चारशे वर्षांपूर्वी केले ते एवढेच. आणि घराच्या, रस्त्याच्या कामात आडवे आलेले प्रत्येक वारूळ सपाट करण्यापूर्वी एकदा विचार करावा. आपल्या आजीने त्याच्यापुढे दूध ठेवले ते नागासाठी. नाग त्यात राहत असेल वा नसेल. पण तीन कोटी वर्षांची शेती त्यात चालू आहे, आणि तिच्या बांधावरचे पीक ओळखणारी माणसे आता मोजकी उरली आहेत.